ऐकीव नको, तपासून पाहा : पृथ्वी मोजणारे अल-बिरुनी

परीक्षेचे दिवस आले की आपल्या घरांत संध्याकाळचं एक चित्र ठरलेलं असतं. मगरिबची नमाज होते, चहा होतो, आणि मग कुणीतरी सामान्य ज्ञानाचं पुस्तक घेऊन बसतं. अब्बू प्रश्न विचारतात, लेक उत्तर देते. गंगेचं मैदान कशाचं बनलंय? गाळाचं. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय? डोंगराच्या पलीकडचा, कमी पावसाचा भाग. ध्रुवावर दिवस किती मोठा असतो? सहा महिन्यांचा. पृथ्वीची त्रिज्या किती? सुमारे ६,३७१ किलोमीटर. शाब्बास, पुढचा प्रश्न.

उत्तरं बरोबर असतात, मार्कही मिळतात. पण लेकीने उलटा प्रश्न केला, की हे सगळं कळलं कसं, तर आपल्यातले बहुतेक जण गप्प बसतात. आम्हीही गप्प बसलेलो आहोत.

म्हणून आज आम्ही एका अशा माणसाची हकीकत सांगणार आहोत, ज्याने हे चारही प्रश्न हजार वर्षांपूर्वी हाताळले. त्यातले काही त्याने स्वतः डोंगर चढून, नदीतले गोटे बघून आणि लोकांना खोदून खोदून विचारून सोडवले. हा माणूस म्हणजे अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरुनी. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांचं नाव अल्बेरूनी असं वाचलं, गझनीच्या महमूदाबरोबर आलेला विद्वान म्हणून एका ओळीत पाठ केलं आणि विसरून गेलो. त्या एका ओळीमागे ७५ वर्षांहून मोठं आयुष्य आहे.

गावाबाहेरचं पोर

अल-बिरुनी यांचा जन्म सप्टेंबर ९७३ चा, म्हणजे हिजरी सन ३६२ चा. जागा ख्वारिझम प्रांतातलं काथ हे शहर, अमू दर्या नदीच्या काठी. आज हा भाग उझबेकिस्तानात येतो आणि तिथल्या एका गावाला आता त्यांचंच नाव आहे. फारसीत बिरून म्हणजे बाहेर. शहराच्या वेशीबाहेर जन्मलेला, म्हणून बिरुनी.

घरची भाषा ख्वारिझमी. त्या भाषेत इल्मची पुस्तकं नव्हती, त्यामुळे अरबी आणि फारसी शिकावी लागली. आपल्याकडे घरात दखनी किंवा कोकणी, शाळेत मराठी आणि मदरशात अरबी असं जे चालतं, ते त्यांच्याही वाट्याला आलं होतं. पुढे त्यांनी आपलं बहुतेक लिखाण अरबीत केलं.

नशीब असं की त्यांना उस्ताद चांगले मिळाले. अबू नस्र मन्सूर हे तिथल्या राजघराण्यातले, पण मन सगळं गणितात. त्यांच्या हाताखाली हा मुलगा तयार झाला. वयाच्या सतराव्या वर्षी, म्हणजे इ.स. ९९० च्या सुमाराला, त्याने भर दुपारी सूर्याची उंची मोजून काथचा अक्षांश काढला. यामागची युक्ती आजही मुलांना अंगणात दाखवता येते. माणूस जसजसा उत्तरेला जातो, तसतसा दुपारचा सूर्य आकाशात खाली येतो आणि सावली लांब होते. वर्षातला दिवस माहीत असेल आणि सूर्याचा कोन नीट मोजता आला, तर आपण विषुववृत्तापासून किती वर आहोत ते सांगता येतं. त्यासाठी कुठे जावं लागत नाही. लागतो तो एक कोनमापक आणि सब्र.

पण काथ एकच शहर. बाकीच्या दुनियेचं काय? इथून या तरुणाची खरी धडपड सुरू झाली. त्याने दहा हात व्यासाचा एक अर्धगोल तयार केला. व्यापारी, हाजी, काफिलेवाले जे कुणी भेटतील त्यांना तो विचारी : अमुक शहरापासून तमुक शहर किती मजला, कुठल्या दिशेला, वाटेत डोंगर लागतो की वाळवंट? मिळालेली अंतरं त्या गोलावर मांडायची. एकाचं म्हणणं दुसऱ्याशी जुळतंय का ते बघायचं. ऐकीव माहिती घ्यायची, पण तपासल्याशिवाय टिपायची नाही, ही सवय तेव्हापासूनची.

एक ग्रहण, दोन शहरं

इ.स. ९९५ मध्ये ख्वारिझममध्ये सत्तेची लढाई पेटली. अबू नस्र यांच्या घराण्याचं राज्य गेलं. २२ वर्षांच्या बिरुनींनी तेव्हा काथजवळच्या एका गावात १५ हात व्यासाचं वर्तुळ आखून सूर्याचं निरीक्षण चालवलं होतं. ते अर्धवट टाकून त्यांना लपावं लागलं आणि पुढे पळावं लागलं. मेहनतीने केलेला तो गोलही हातचा गेला.

काही काळ ते रय शहरात होते, आजच्या तेहरानजवळ. खिशात पैसा नाही, डोक्यावर कुणाचा हात नाही. तिथला एक जाणता त्यांच्या गरिबीवरून त्यांचं म्हणणं उडवून लावी. दिवस पालटल्यावर तोच गोडीने वागायला लागला. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. रयमध्येच खुजंदी नावाच्या खगोलवेत्त्याने डोंगरावर एक अवाढव्य यंत्र उभारलं होतं. खुजंदींच्या मोजणीचा आकडा इतरांशी जुळत नव्हता. बिरुनींनी खुजंदींशीच बोलून कारण शोधलं : यंत्र इतकं जड होतं की त्याचा एक भाग वीतभर खचला होता. यंत्र मोठं आहे म्हणून उत्तर बरोबर, असं त्यांनी धरलं नाही.

परत काथला आल्यावर त्यांनी एक सुरेख काम केलं. २४ मे ९९७ रोजी चंद्रग्रहण होतं. बिरुनींनी बगदादच्या अबुल वफा या नामवंत गणितज्ञाशी आधीच ठरवून घेतलं होतं, की तुम्ही तिथून ग्रहणाची वेळ मोजा, मी इथून मोजतो. चंद्राला ग्रहण लागतं ते सगळ्यांना एकाच क्षणी दिसतं, पण प्रत्येक शहराची स्थानिक घडी वेगळी असते. दोन्ही वेळांत सुमारे एक तासाचा फरक निघाला. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते, म्हणजे काथ आणि बगदाद यांच्या रेखांशात साधारण तेवढं अंतर. आजच्या नकाशावर बघितलं तर हा फरक १६ अंशांच्या आसपास भरतो. फोन नाही, तार नाही, आणि दोन शहरांतल्या दोन माणसांनी आकाशातल्या एकाच घटनेला घड्याळ लावून जमीन मोजली.

त्या काळी भूगोलाची एक ठरलेली मांडणी होती. वस्ती असलेली जमीन सात इकलीमांत वाटलेली. विषुववृत्ताकडून उत्तरेकडे एकावर एक सात पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आधीच्यापेक्षा अर्ध्या तासाने मोठा. ही ग्रीकांची पद्धत. इराणी लोक सात किश्वर मानत, मध्ये एक आणि भोवती सहा. हिंदुस्थानात सात द्वीपांची कल्पना होती. बिरुनींनी कुणालाही हसून बाजूला केलं नाही. कोण कशाच्या आधारावर वाटणी करतो, आकाशाच्या मापावर, राज्यांवर की जुन्या कथांवर, ते वेगवेगळं मांडलं. इ.स. १००० च्या आसपास गुरगानच्या दरबारात असताना त्यांनी निरनिराळ्या कौमांची कॅलेंडरं, सण आणि सनावळ्या यांवर मोठा ग्रंथ लिहिला. वय सत्तावीस. त्यांच्याहून वयाने लहान असलेल्या इब्न सिनांना त्यांनी अरिस्टॉटलच्या मतांवर अठरा अवघड प्रश्न पाठवले, तेही याच तरुणपणात. पाणी गोठल्यावर भांडं फुटतं ते का, असले ते प्रश्न. मोठ्या नावाला त्यांनी मान दिला, पण प्रश्न विचारायचा राहू दिला नाही.

यंत्र नाही तर पाटीवर

इ.स. १०१७ मध्ये गझनीच्या सुलतान महमूदाने ख्वारिझम जिंकलं. तिथल्या विद्वानांना गझनीला नेण्यात आलं. त्यांत बिरुनी होते आणि त्यांचे उस्ताद अबू नस्रही. त्यांना कैदी म्हणायचं की दरबारी, हे सांगणं अवघड आहे. मनाने गेले नव्हते एवढं खरं.

दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर १०१८ मध्ये, ते काबुलजवळच्या जयफूर या खेड्यात होते. हाल चालले होते, जवळ एकही यंत्र नव्हतं. त्यांनी हिशेबाची पाटी घेतली, तिच्या पाठीवर वर्तुळाचा भाग आखला, अंश पाडले, दोऱ्याला वजन बांधून ओळंबा केला आणि त्या जागेचा अक्षांश काढला. परिस्थितीचं रडगाणं गायला त्यांच्याकडे भरपूर कारणं होती. त्यांनी ती गायिली, पण मोजणी झाल्यावर.

याच काळात लिहायला घेतलेला त्यांचा ग्रंथ शहरांमधली अंतरं आणि स्थानं ठरवण्यावर आहे. इ.स. १०२५ मध्ये तो पुरा झाला. त्यात एका प्रश्नाचा फार बारकाईने विचार आहे आणि तो आपल्या रोजच्या जगण्यातला आहे : किब्ला कुठे? आज आपण मोबाइल उघडतो आणि बाण दिसतो. महाराष्ट्रात तर आपण सवयीने पश्चिमेला उभे राहतो. पण गझनीतून मक्का नेमकी किती अंशावर, हे काढायचं तर दोन्ही शहरांचे अक्षांश हवेत, रेखांशातला फरक हवा, आणि गोल पृथ्वीवरचं गणित हवं. बिरुनींनी गझनीचा किब्ला चार वेगवेगळ्या रीतींनी काढला. एकाच रीतीवर विसंबायचं नाही. अशा गणिताचा दीनशी काय संबंध, असं विचारणारे तेव्हाही होते. रोज पाच वेळा तोंड कुठे करायचं हेच ज्यावर ठरतं, ते इल्म परकं कसं, असा त्यांचा साधा मुद्दा होता.

नंदनाचा डोंगर

पृथ्वी गोल आहे, हे त्या काळच्या मुसलमान विद्वानांना चांगलं ठाऊक होतं. प्रश्न होता ती केवढी मोठी. खलिफा मामूनच्या काळात, इ.स. ८३० च्या सुमाराला, खगोलवेत्त्यांच्या तुकड्या सपाट वाळवंटात उत्तर-दक्षिण चालत गेल्या होत्या आणि एका अंशाचं अंतर त्यांनी जमिनीवर मोजलं होतं. बिरुनींनाही तरुणपणी गुरगानच्या उत्तरेच्या मैदानात तसं करायचं होतं, पण माणसं आणि मदत मिळाली नाही. तो विचार मनात राहिला.

पुढे पंजाबात, आजच्या पाकिस्तानातल्या मिठाच्या डोंगररांगेत, नंदना नावाच्या किल्ल्यावर त्यांना राहावं लागलं. डोंगर एकदम उभा आणि समोर नजर पोहोचेल तिथवर सपाट मैदान. त्यांच्या लक्षात आलं की इथे चालत जायची गरजच नाही. आधी खालून दोन ठिकाणांहून शिखराचा कोन घेऊन डोंगराची उंची काढली. ती ६५२ हातांच्या थोडी वर भरली. मग माथ्यावर चढून क्षितिज सरळ रेषेच्या किती खाली दिसतं ते मोजलं. कोन निघाला अर्ध्या अंशाहून किंचित जास्त. उंची आणि हा कोन एवढ्यावरून त्रिकोणमितीने पृथ्वीची त्रिज्या काढता येते. ती त्यांनी काढली, आणि उत्तर मामूनच्या लोकांच्या मापाच्या जवळ आलं.

इथे आम्हाला आपल्याच घरच्या मंडळींशी जरा स्पष्ट बोलायचं आहे. बिरुनींनी पृथ्वी मोजली आणि चूक फक्त काही किलोमीटरची, असा मेसेज आपल्या ग्रुपवर नेहमी फिरतो. त्यांनी अमेरिका शोधली, असाही फिरतो. आपण छाती फुगवून तो पुढे ढकलतो. पण त्यांचं उत्तर हातांत आहे. त्या हाताची लांबी किती धरायची, यावर किलोमीटरचा आकडा बदलतो. शिवाय क्षितिजाजवळ हवेमुळे प्रकाश वाकतो, त्यामुळे असा बारीक कोन चुकण्याचा संभव असतो. खुद्द बिरुनींनीच पुढे लिहिलं, की मामूनच्या लोकांची यंत्रं अधिक बारीक होती आणि त्यांनी कष्टही जास्त घेतले, तेव्हा त्यांचाच आकडा धरावा. स्वतःच्या मोजणीपेक्षा दुसऱ्याची सरस मानणारा हा माणूस. अमेरिकेबद्दल म्हणाल, तर माहीत असलेल्या जमिनीपलीकडे समुद्रात आणखी वस्ती असूच शकत नाही असं मानायला कारण नाही, एवढंच तर्काने त्यांनी मांडलं. तो तर्क मोठाच आहे. त्याला शोध म्हणून मिरवायची गरज नाही.

सूर्य न मावळणारा मुलूख

आता ध्रुवाकडच्या दिवसाचा प्रश्न. तो एका माणसाच्या जिवावर बेतला होता.

महमूदाच्या दरबारात फार दूरच्या तुर्की मुलखातून एक वकील आला. बोलता बोलता त्याने सांगितलं, की समुद्रापलीकडे ध्रुवाच्या बाजूला असा प्रदेश आपण पाहिला, जिथे सूर्य गोल फिरत राहतो, मावळतच नाही आणि रात्र होत नाही. सुलतान भडकला. सूर्य मावळत नाही म्हणजे मगरिब कुठली आणि इशा कुठली? हा तर अधर्म, हा माणूस करामती पंथाचा असला पाहिजे. महमूदाच्या राज्यात या आरोपाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. त्यात डोकं उडायचं.

अबू नस्र मिश्कान नावाचे मुत्सद्दी तिथे होते. हा माणूस मत सांगत नाही, पाहिलेलं सांगतोय, असं त्यांनी सुचवलं, आणि सूरह कहफमधल्या झुलकरनैनच्या हकीकतीकडे लक्ष वेधलं, ज्यात सूर्यापासून आडोसा नसलेल्या लोकांचा उल्लेख येतो. तेव्हा सुलतानाने बिरुनींकडे बघितलं.

बिरुनी त्या प्रदेशात कधीच गेले नव्हते. तरी त्यांना उत्तर ठाऊक होतं, कारण त्यांनी ते पाठ केलेलं नव्हतं, समजून घेतलेलं होतं. पृथ्वी गोल, सूर्याचा मार्ग तिरका. उत्तरेला जावं तसा उन्हाळ्यातला दिवस लांबत जातो. सात इकलीमांची सगळी मांडणीच यावर उभी आहे. हाच हिशेब पुढे नेला, तर एक जागा अशी येते जिथे दिवस चोवीस तासांचा होतो, आणि त्याहीपुढे तो दिवसांचा, महिन्यांचा होतो. त्यांनी हे समजावून सांगितलं आणि सुलतान शांत झाला. महमूदाचा मुलगा मसऊद याला मात्र या विषयाची खरी गोडी लागली. पुढे तो तख्तावर आल्यावर त्याच्यासाठी बिरुनींनी दिवस-रात्रीच्या लांबीवर सोप्या भाषेत वेगळं पुस्तक लिहिलं.

आम्हाला या प्रसंगात सुलतानापेक्षा तो अनोळखी वकील आठवत राहतो. त्याने खरं सांगितलं होतं. ऐकणाऱ्याला माहीत नव्हतं म्हणून ते खोटं ठरत होतं. भूगोलाचं एक साधं ज्ञान त्या दिवशी दरबारात नसतं, तर त्याचं काय झालं असतं?

हिंदचं मैदान, हिंदचा पाऊस

महमूदाच्या स्वाऱ्यांच्या काळात बिरुनी पंजाब आणि सिंधू नदीच्या बाजूला फिरले. पेशावर, झेलम, सियालकोट, लाहोर, मुलतान अशा ठिकाणांचे अक्षांश त्यांनी स्वतः घेतले. वयाची चाळिशी उलटल्यावर ते संस्कृत शिकायला बसले. पंडितांकडे शिष्य होऊन गेले. सांख्य आणि पतंजलीच्या योगावरचे ग्रंथ त्यांनी अरबीत आणले. महमूदाच्या मृत्यूनंतर लगेचच, इ.स. १०३० मध्ये, त्यांचा हिंदुस्थानावरचा ग्रंथ पुरा झाला. किताब-उल-हिंद या नावाने तो ओळखला जातो आणि त्याला ८० प्रकरणं आहेत.

ग्रंथाची सुरुवातच ऐकीव आणि पाहिलेलं यांतल्या फरकाने होते. लोक खोटं का सांगतात याची यादीच त्यांनी दिली आहे. कुणी फायद्यासाठी सांगतं, कुणी आपल्या लोकांच्या प्रेमापोटी, कुणी दुसऱ्यांच्या द्वेषापोटी, आणि कुणी नुसत्या अज्ञानाने दुसऱ्याचं खोटं पुढे नेतं. आज मोबाइल हातात घेऊन ही यादी वाचली, तर फारसं काही बदललेलं दिसत नाही.

गंगेच्या मैदानाबद्दल त्यांनी काय पाहिलं? जमीन खोदली की गोल झालेले दगड निघतात. डोंगराजवळ, जिथे नद्यांना जोर आहे, तिथे ते मोठे असतात. पुढे नदी संथ होते तसे लहान होतात. समुद्राजवळ तर नुसती वाळू उरते. यावरून त्यांनी अनुमान काढलं, की ही जागा कधीकाळी समुद्र होती आणि नद्यांनी आणलेल्या गाळाने ती भरत आली. अरबस्तानच्या वाळवंटात विहिरी खणताना शिंपले सापडतात, म्हणजे तिथेही कधी पाणी होतं, आणि अमू दर्याने आपला मार्ग बदललेला आहे, हेही त्यांनी अशाच खुणांवरून मांडलं. आपली लेक ज्या प्रश्नाला एका शब्दात गाळ असं उत्तर देते, त्यामागे हा गोटा हातात घेऊन केलेला विचार आहे.

पावसाबद्दलही तसंच. हिंदुस्थानात उन्हाळ्यात पाऊस पडतो आणि त्याला वर्षाकाल म्हणतात, हे त्यांनी नोंदवलं. मुलतानच्या लोकांनी सांगितलं की आमच्याकडे वर्षाकाल नाही. दुआबात मात्र आषाढापासून चार महिने धो धो कोसळतो. काश्मीरच्या डोंगरांच्या अलीकडे श्रावणापासून अडीच महिने भरपूर पाऊस, आणि शिखराच्या पलीकडे काहीच नाही. कारण काय? ढग जड आणि खाली असतात, डोंगराला धडकतात, द्राक्षं किंवा जैतून पिळावीत तसे पिळले जातात आणि पलीकडे पोहोचतच नाहीत. आजचं विज्ञान हे जरा वेगळं सांगतं : हवा डोंगर चढताना थंड होते, पाऊस टाकते आणि पलीकडे कोरडी होऊन उतरते. पण डोंगराची एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी का, हा प्रश्न त्यांनी नेमका पकडला होता. आपल्याला त्यासाठी काश्मीरला जायला नको. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावला पाचशेच्या आसपास. सह्याद्री मध्ये उभा आहे.

आपला मुलूखही त्यांच्या ग्रंथात आहे. माळव्यातल्या धारहून दक्षिणेला निघालं की आधी एक दरी, मग १८ फरसखांवर मरहट्ट देश, आणि पुढे २५ फरसखांवर कोकण, ज्याची राजधानी समुद्रकाठचं ठाणे. दुसऱ्या वाटेने गेलं की गोदावरीचा काठ लागतो. एक फरसख म्हणजे साधारण पाच-सहा किलोमीटर. बिरुनी स्वतः इकडे आले नाहीत. आपण कुठपर्यंत गेलो आणि कुठून पुढचं ऐकून लिहितोय, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं आहे. आम्हाला ठाण्याच्या उल्लेखाइतकीच ही कबुली मोलाची वाटते.

आणखी एक गोष्ट त्यांनी लपवली नाही. महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त केली, माणसं धुळीसारखी विखुरली, आणि इथली विद्या जिंकलेल्या प्रदेशातून उठून काश्मीर आणि बनारसकडे निघून गेली, असं त्यांनी लिहिलं. त्याच दरबाराचं मीठ खाऊन लिहिलं. शेजाऱ्याचा दीन वेगळा असला तरी त्याच्याबद्दल लिहिताना त्याची बाजू त्याच्याच ग्रंथांतून मांडायची, हा त्यांचा कायदा होता. ज्यांच्याशी पटत नाही त्यांचंही म्हणणं त्यांनी आधी पुरं सांगितलं आणि मग आपलं मत दिलं.

प्रश्नोत्तरांचं पुस्तक

इ.स. १०२९ मध्ये बिरुनींनी एक वेगळंच पुस्तक केलं, अत-तफहीम. ते सगळं प्रश्न आणि उत्तर अशा रूपात आहे. पाचशेहून अधिक प्रश्न : बिंदू म्हणजे काय इथपासून ते समुद्र कुठे कुठे आहेत, इकलीम म्हणजे काय, उस्तुरलाब कसं वापरायचं इथपर्यंत. समुद्र आणि जमिनीची वाटणी दाखवणारा एक साधा गोल नकाशाही त्यात येतो. शेवटचा मोठा भाग ज्योतिषाचा आहे, कारण त्या काळी लोकांना तेच हवं असायचं. आपला त्यावर फारसा विश्वास नाही, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकलं.

हे पुस्तक त्यांनी कुणासाठी लिहिलं? रैहाना नावाच्या एका ख्वारिझमी बाईंसाठी. त्यांना हे इल्म शिकायचं होतं. एक हजार वर्षांपूर्वी एका बाईने प्रश्न विचारले आणि त्या काळच्या सगळ्यात मोठ्या विद्वानाने त्यांच्यासाठी पाचशे प्रश्नांचं पुस्तक बांधलं. मुलीला भूगोल-गणित शिकून काय करायचंय, असं अजूनही कुठे कुठे ऐकू येतं. अशा वेळी हे नाव सांगावं.

पुढे सुलतान मसऊदच्या नावाने त्यांनी खगोलशास्त्राचा प्रचंड ग्रंथ लिहिला, अल-कानून अल-मसऊदी. त्यात सुमारे सहाशे ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आहेत. तरुणपणी दहा हातांच्या गोलावर जे सुरू झालं होतं, ते या कोष्टकांत पुरं झालं. बक्षीस म्हणून हत्तीवर लादलेली चांदी आली आणि त्यांनी ती परत केली, अशी कथा सांगतात. साठी ओलांडल्यावर त्यांनी आपल्या पुस्तकांची यादी केली तेव्हा शंभराहून जास्त नावं निघाली. त्यांतली थोडीच आज उरली आहेत. नजर आणि कान मंदावले तरी ऐंशीच्या घरात ते औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथावर काम करत होते.

शेवटचा प्रश्न

गझनीतच ते आजारी पडले. इ.स. १०४८ च्या आसपासची ही गोष्ट. एक फकीह मित्र भेटायला आले. श्वास लागलेला, छाती घरघरत होती. अशात बिरुनींनी त्यांना आठवण करून दिली, की वारसा हक्कातल्या आज्यांच्या वाट्याचा एक मसला तुम्ही मागे सांगितला होता, तो जरा पुन्हा समजावून द्या. मित्राला दया आली. अशा अवस्थेत कशाला, असं त्यांनी म्हटलं. बिरुनींचं उत्तर असं होतं, की हा मसला न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेलं बरं नाही का. मित्राने मसला सांगितला. बिरुनींनी तो ऐकून पाठ म्हणून दाखवला. मित्र निरोप घेऊन बाहेर पडले आणि रस्त्यात असतानाच घरातून रडण्याचा आवाज आला.

आज चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे. ते असू दे. आम्हाला वाटतं, त्यांची खरी याद आपल्या घरातल्या त्या संध्याकाळच्या प्रश्नोत्तरांत ठेवता येईल. पुढच्या वेळी लेकीने गाळ असं बरोबर उत्तर दिलं, की लगेच पान उलटू नका. तिला घेऊन जवळच्या नदीवर जा आणि वरच्या अंगाचे गोटे आणि खालच्या अंगाची वाळू हातात घेऊन बघा. शाळेच्या मैदानात काठी रोवून दुपारची सावली मोजा. एखादा मेसेज पुढे ढकलण्याआधी, हे कुणी पाहिलं आणि कसं कळलं, एवढं विचारा. आणि तिने आपल्याला उलटा प्रश्न केला, उत्तर आलं नाही, तर रागावू नका. माहीत नाही, चल शोधू, असं म्हणून तिच्या शेजारी बसा.